तुमच्या फोनच्या बॅटरीचं पेटंट एका अणुसंशोधन केंद्राकडे होतं! हार्वेलचा इतिहास आणि नवा जन्म

तुम्ही हे ज्या फोनवर वाचत आहात त्यात लिथियम-आयन बॅटरी आहे हे तुम्हाला माहीत असेलच. पण ही बॅटरी ज्या शोधामुळे शक्य झाली, त्याचं मूळ पेटंट कोणत्याही मोबाइल कंपनीकडे किंवा विद्यापीठाकडे नव्हतं. ते होतं ब्रिटनच्या सरकारी अणुसंशोधन केंद्राकडे. या जागेचं नाव हार्वेल.

अणुभट्ट्या बांधणाऱ्यांकडे बॅटरीचं पेटंट कसं गेलं? आणि भट्ट्या बंद पडल्यावर एवढ्या मोठ्या जागेचं पुढे काय झालं? या लेखात आपण दोन्ही प्रश्नांची उत्तरं बघणार आहोत. दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अणुभट्टी सुरू झाली की बातमी होते, पण ती बंद झाल्यावर जे काम सुरू होतं ते कित्येक दशकं चालतं आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

हार्वेल म्हणजे नेमकं काय?

हार्वेल हे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशर परगण्यातलं एक गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी गावाजवळच्या माळावर ब्रिटिश हवाई दलाने विमानतळ बांधला होता. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर चढाई झाली तेव्हा आधी उतरून वाट दाखवणारे पॅराशूट सैनिक रात्री इथूनच उडाले होते.

युद्ध संपलं आणि ब्रिटनला स्वतःचं अणुसंशोधन केंद्र हवं होतं. युद्धकाळात त्यांचे शास्त्रज्ञ अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात काम करत होते, पण १९४६ मध्ये अमेरिकेने कायदा करून अणुविषयक माहिती बाहेर देणं बंद केलं. म्हणजे सगळं घरीच उभं करायचं होतं. हार्वेलची जागा सोयीची होती. मोठमोठे हँगर तयार होते, रस्ते आणि वीज होती, आजूबाजूला दाट वस्ती नव्हती आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ जवळ होतं.

१९४६ मध्ये इथे अणुऊर्जा संशोधन केंद्र सुरू झालं. पहिले संचालक होते सर जॉन कॉकक्रॉफ्ट. १९३२ मध्ये त्यांनी अर्नेस्ट वॉल्टन यांच्यासोबत कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी अणूचं केंद्रक फोडून दाखवलं होतं. त्यासाठी दोघांना १९५१ चं नोबेल मिळालं.

विमानाच्या हँगरमध्ये अणुभट्टी

इथली पहिली अणुभट्टी चक्क एका हँगरमध्ये उभी राहिली. तिचं नाव ग्लीप, म्हणजे ग्रॅफाइट लो एनर्जी एक्सपेरिमेंटल पाइल या शब्दांची आद्याक्षरं. ती सुरू झाल्याची तारीख वाचून मी दोनदा तपासली : १५ ऑगस्ट १९४७! इकडे आपण स्वातंत्र्याचा पहिला दिवस साजरा करत होतो आणि तिकडे पश्चिम युरोपातली पहिली अणुभट्टी सुरू होत होती.

अणुभट्टी चालते कशी ते थोडक्यात बघू. युरेनियमच्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ते फुटतं, ऊर्जा बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. हे न्यूट्रॉन पुढची केंद्रकं फोडतात आणि साखळी सुरू राहते. पण सुटलेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात. साध्या युरेनियममध्ये साखळी टिकवायची तर त्यांचा वेग कमी करावा लागतो. हे काम ग्रॅफाइट किंवा जड पाणी करतं. ग्लीपमध्ये ग्रॅफाइट होतं.

ग्लीपची शक्ती नेहमीच्या वापरात साधारण ३ किलोवॉट होती, म्हणजे घरातल्या दीड गिझरइतकी. तिच्याकडून वीज हवीच नव्हती. ग्रॅफाइट आणि युरेनियम किती शुद्ध आहे हे तपासायला ती वापरायचे. ती तब्बल ४३ वर्षं चालली.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, बेपो नावाची सुमारे ६ मेगावॉटची भट्टी सुरू झाली. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गरम हवेतली उष्णता वापरून नंतर केंद्रातल्या इमारती गरम ठेवल्या जायच्या. मग १९५६ मध्ये डायडो आणि १९५७ मध्ये प्लूटो या जड पाण्यावरच्या भट्ट्या आल्या. नव्या वीजकेंद्रांसाठीचे धातू न्यूट्रॉनच्या माऱ्यात किती टिकतात हे त्यात तपासायचे. रुग्णालयांना आणि उद्योगांना लागणारे किरणोत्सारी समस्थानिकही तिथेच तयार व्हायचे. डायडोच्या धर्तीवर डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातही भट्ट्या बांधल्या गेल्या.

कुंपणाच्या आतला हेर

हे सगळं कुंपणाच्या आत, कडक बंदोबस्तात चालायचं. तरीही इथली सगळ्यात मोठी गळती आतूनच झाली.

क्लाउस फुक्स हे जर्मनीतून पळून आलेले भौतिकशास्त्रज्ञ. युद्धात त्यांनी अमेरिकेत लॉस अलामोसला अणुबॉम्बवर काम केलं आणि नंतर ते हार्वेलच्या सैद्धांतिक भौतिकी विभागाचे प्रमुख झाले. जानेवारी १९५० मध्ये त्यांनी कबूल केलं की ते कित्येक वर्षं सोव्हिएत संघाला अणुबॉम्बची माहिती देत होते. २ फेब्रुवारीला अटक झाली आणि १ मार्चला खटला झाला. दीड तासाच्या आत निकाल लागला आणि १४ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी हार्वेलचेच आणखी एक शास्त्रज्ञ ब्रूनो पॉन्टेकोर्वो इटलीत सुट्टीवर असताना कुटुंबासह गायब झाले. १९५५ मध्ये ते मॉस्कोत जगासमोर आले.

झीटा : घाईची घोषणा

जानेवारी १९५८ मध्ये हार्वेलने जगाला धक्का दिला. झीटा नावाच्या यंत्रात हलकी केंद्रकं एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या, म्हणजे फ्यूजनच्या, खुणा दिसल्याचं जाहीर झालं. सूर्यात ऊर्जा याच प्रक्रियेने तयार होते. मिळालेले न्यूट्रॉन फ्यूजनचेच आहेत याची आपल्याला ९० टक्के खात्री आहे, असं कॉकक्रॉफ्ट पत्रकारांना म्हणाले. वर्तमानपत्रांना तेवढं पुरेसं होतं.

पण उरलेले १० टक्के खरे ठरले. पुढच्या मोजणीत कळलं की ते न्यूट्रॉन वेगळ्याच कारणाने येत होते, आणि मे १९५८ मध्ये दावा मागे घेतला गेला. नाचक्की झाली हे खरं. पण दावा खोटा ठरवणारी मोजमापं हार्वेलच्याच माणसांनी केली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. आजही फ्यूजनबद्दल मोठी बातमी आली की मी आधी झीटा आठवतो.

दोन आकडे गुणायला १० सेकंद!

आता आपल्या आवडीचा विषय, कॉम्प्युटर. भट्टीची गणितं माणसं हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर करायची. कंटाळवाणं काम आणि चुका होणारच. म्हणून हार्वेलने १९५१ मध्ये स्वतःचा कॉम्प्युटर तयार केला, हार्वेल डेकाट्रॉन. वजन अडीच टन. दोन संख्यांचा गुणाकार करायला त्याला ५ ते १० सेकंद लागायचे!

एकदा एका गणितज्ञाने हातातला कॅल्क्युलेटर घेऊन त्याच्याशी शर्यत लावली. अर्धा तास तो बरोबरीने राहिला, मग थकून गेला. मशीन मात्र चालतच राहिलं. त्याची खासियत वेग ही नव्हतीच. कोणी लक्ष दिलं नाही तरी तो तासन्‌तास, दिवसन्‌दिवस न चुकता काम करायचा.

हा कॉम्प्युटर पुढे एका तंत्रनिकेतनात मुलांना शिकवायला गेला. २०१२ मध्ये त्याची दुरुस्ती पूर्ण झाली आणि आज तो ब्लेचली पार्क इथल्या राष्ट्रीय कॉम्प्युटिंग संग्रहालयात चालू अवस्थेत बघता येतो. मूळ रूपात चालणारा जगातला सर्वात जुना डिजिटल कॉम्प्युटर म्हणून तो ओळखला जातो.

अणू सोडून दुसरं काम

१९६० च्या दशकात एक अडचण आली. वीजकेंद्रांचं मूलभूत संशोधन बरंचसं झालं होतं. हजारो कुशल माणसं, महागडी उपकरणं आणि काम मात्र कमी! तेव्हा सरकारने १९६५ मध्ये कायदा करून अणुऊर्जेच्या संस्थेला अणूबाहेरचं संशोधन करायची परवानगी दिली. हार्वेल उद्योगांसाठी काम करू लागलं आणि त्यातच बॅटरीवरही संशोधन सुरू झालं.

माझ्या मते हार्वेलचा नवा जन्म इथेच सुरू झाला. इमारती पडायच्या २५ वर्षं आधी त्यांनी माणसांच्या कौशल्याला दुसरी वाट काढून दिली.

बॅटरीच्या पेटंटची गोष्ट

१९७० च्या दशकाच्या शेवटी ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा यांच्या गटाला एक भन्नाट पदार्थ सापडला, लिथियम कोबाल्ट ऑक्साइड. याच्या थरांमध्ये लिथियमचे आयन सहज आत-बाहेर करू शकतात आणि सुमारे ४ व्होल्ट मिळतात. तेव्हाच्या लिथियम बॅटऱ्यांपेक्षा हे खूपच जास्त होतं. १९८० मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला.

पण पेटंट काढायला ऑक्सफर्ड तयार नव्हतं. मग गुडइनफ हार्वेलकडे गेले. हार्वेलने पेटंट घेतलं, मात्र त्यासाठी गुडइनफ यांना आपले आर्थिक हक्क सोडून द्यावे लागले. पुढे अकिरा योशिनो यांनी हाच पदार्थ कार्बनच्या दुसऱ्या टोकाशी जोडून सुरक्षित बॅटरी बनवली आणि १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. कॅमेरा, लॅपटॉप, मोबाइल... बाकी इतिहास तुमच्या खिशात आहे.

२०१९ मध्ये गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते, आजवरचे सर्वात वयस्कर नोबेल विजेते. या पेटंटमधून त्यांना रॉयल्टी मिळाली नाही.

१९९० : भट्ट्या थंड झाल्या

बेपो १९६८ मध्येच बंद झाली होती. १९९० मध्ये ग्लीप, डायडो आणि प्लूटोही बंद झाल्या. आता खरं अवघड काम समोर होतं. जुनी भट्टी म्हणजे जुना कारखाना नव्हे, बुलडोझर आणून पाडता येत नाही. कामाचे टप्पे साधारण असे असतात :

१. इंधन बाहेर काढणं. सर्वाधिक किरणोत्सर्ग इंधनात असतो, त्यामुळे ते काढलं की धोक्याचा फार मोठा भाग जातो.

२. थांबणं. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा खाऊन भट्टीचं पोलादही किरणोत्सारी होतं. त्यातल्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य सुमारे ५.३ वर्षं आहे. म्हणजे ५० वर्षं थांबलं तर त्याचा जेमतेम सातशेवा भाग उरतो आणि काम करणाऱ्यांचा धोका कमी होतो.

३. सुटं करणं. जिथे माणूस जाऊ शकत नाही तिथे दुरून चालणारी यंत्रं वापरून एकेक भाग कापायचा, मोजायचा आणि बंद पेटीत भरायचा.

४. जमीन तपासणं आणि परवाना काढून घेणं. ब्रिटनमध्ये अणुस्थळाला खास परवाना लागतो. तिथे काहीच धोका उरला नाही असं सिद्ध झालं तरच जमीन त्यातून मोकळी होते. नियामकांचा निकष साधारण असा : त्या जागेमुळे माणूस दगावण्याची शक्यता वर्षाला दहा लाखांत एकाहून जास्त नको.

ग्लीपची शक्ती कमी होती, त्यामुळे तिचं ग्रॅफाइट फारसं किरणोत्सारी झालं नव्हतं. २००० च्या दशकात ती पूर्ण काढून टाकली गेली. मोठ्या भट्ट्यांचं तसं नाही. बेपोच्या ग्रॅफाइटमध्ये कार्बन-१४ आहे आणि त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं! तिथे थांबून प्रश्न सुटत नाही. कचरा कायमचा ठेवायची जागाच शोधावी लागते.

जमिनीखालचा त्रास

वाचताना तुम्हाला वाटलं असेल की मुख्य भीती किरणोत्सर्गाची. पण हार्वेलच्या जमिनीखालच्या पाण्याला सगळ्यात जास्त त्रास दिला तो साध्या रसायनांनी. प्रयोगशाळांत साफसफाईसाठी वापरलेले क्लोरीनयुक्त द्रावक त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खड्ड्यांत टाकले जायचे. खाली चुनखडीसारखा सच्छिद्र चॉक आहे. रसायनं त्यातून हळूहळू झिरपत भूजलात पोहोचली. पुढे खड्डे उकरून साफ करावे लागले आणि पाणी उपसून शुद्ध करायची यंत्रणा वर्षानुवर्षं चालवावी लागली.

यात मला मोठा धडा दिसतो. किरणोत्सारी कचऱ्याची नोंद ठेवली जायची, कारण त्याची भीती होती. द्रावकांची भीती नव्हती, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. खड्डा खोदणाऱ्यांच्या पिढीने वाचवलेले पैसे पुढच्या पिढीने भरले. २००५ पासून ब्रिटनमध्ये जुन्या अणुस्थळांच्या साफसफाईसाठी वेगळी सरकारी संस्था आहे आणि खर्चाचा मोठा भार करदात्यांवर आहे.

आजचं हार्वेल

साफसफाई एका बाजूला चालू असतानाच दुसऱ्या बाजूला नवीन गोष्टी उभ्या राहत होत्या.

आयसिस : नाव ऐकून दचकू नका, ऑक्सफर्डजवळ थेम्स नदीला आयसिस म्हणतात! शेजारच्या रदरफर्ड प्रयोगशाळेत निमरॉड नावाचा जुना कणत्वरक होता. तो बंद झाल्यावर त्याची दालनं आणि काही यंत्रणा वापरून १९८० च्या दशकात आयसिस उभारलं. प्रोटॉनचा झोत जड धातूवर आदळवून इथे न्यूट्रॉन मिळवतात. साखळी प्रक्रिया नाही, त्यामुळे झोत बंद केला की न्यूट्रॉन बंद. पदार्थांच्या आत डोकावायला आधी न्यूट्रॉन भट्टीतून मिळायचे, आता असे मिळतात.

डायमंड लाइट सोर्स : २००७ मध्ये सुरू झालेलं ५६० मीटर परिघाचं वर्तुळाकार यंत्र. यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरवून अतिशय प्रखर क्ष-किरण मिळवतात. २०२० मध्ये कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनावर औषधाचे रेणू कुठे चिकटू शकतात हे इथे भराभर तपासलं गेलं.

फॅराडे इन्स्टिट्यूशन : बॅटरी संशोधनासाठी २०१७ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिचं मुख्यालय हार्वेललाच आहे. पेटंटची गोष्ट फिरून तिथेच आली!

याशिवाय युरोपीय अवकाश संस्थेचं केंद्र, राष्ट्रीय क्वांटम कॉम्प्युटिंग केंद्र आणि शेकडो लहान-मोठ्या कंपन्याही इथे आहेत. सात हजारांहून जास्त लोक रोज कामाला येतात. जिथे पास असल्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं, तिथे आता बसथांबे आणि कॅफे आहेत.

पण कहाणी पूर्ण झालेली नाही. बेपो, डायडो आणि प्लूटो यांचं काम अजून बाकी आहे. म्हणजे एकाच आवारात एकीकडे स्टार्टअप आणि दुसरीकडे कुंपणाआड जुनी भट्टी, असं चित्र आहे.

आपल्या ट्रॉम्बेशी काय नातं?

डॉ. होमी भाभा केंब्रिजला शिकत होते तेव्हा कॉकक्रॉफ्टही तिथेच काम करत होते. मुंबईत ट्रॉम्बेला ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेली अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी आपल्या लोकांनी बांधली, पण तिचं इंधन ब्रिटनकडून आलं होतं. पाण्याच्या टाकीत बुडालेली भट्टी, अशी तिची रचना. हार्वेललाही त्याच वर्षी लायडो नावाची अशीच भट्टी सुरू झाली होती.

अप्सरा २००९ मध्ये बंद झाली आणि २०१८ मध्ये त्याच ठिकाणी नव्या रूपात, अप्सरा-यू म्हणून, सुरू झाली. १९६० ची सायरस भट्टी मात्र २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. म्हणजे बंद भट्टीचं काय करायचं हा प्रश्न फक्त इंग्लंडचा नाही. आपल्याकडे तो आत्ताच सुरू होतोय, तोही मुंबईसारख्या शहराला लागून.

नेहमी पडणारे प्रश्न

हार्वेलला वीज तयार व्हायची का?
नाही. ते संशोधन केंद्र होतं. विजेसाठीची मोठी केंद्रं दुसरीकडे बांधली गेली.

आज तिथे अणुभट्टी चालू आहे का?
नाही. शेवटच्या भट्ट्या १९९० मध्ये बंद झाल्या.

सगळी जमीन मोकळी झाली का?
नाही. काही भाग परवान्यातून मोकळा झाला आहे, उरलेल्या भागात काम सुरू आहे.

जाता जाता

अणुभट्टी बांधायला हार्वेलला दीड-दोन वर्षं लागली, ती आवरायला मात्र पन्नास वर्षंही पुरेनात. म्हणून कुठेही नवीन प्रकल्पाची घोषणा झाली की किती मेगावॉट आणि किती कोटी यासोबत आणखी दोन प्रश्न विचारायला शिका : हे बंद झाल्यावर आवरणार कोण, आणि त्याचे पैसे आत्तापासून बाजूला ठेवले आहेत का? आणि हो, आज रात्री फोन चार्जिंगला लावाल तेव्हा ज्या माणसाला रॉयल्टी मिळाली नाही, त्याचीही आठवण काढा.